शालनची गाठ

ऑपरेशन थिएटरमधून बाटली यायची होती, आणि मी काचा स्पिरिटने पुसून, ओळीने मांडून, रंगांच्या बरण्यांची झाकणं काढून केव्हाची तयार बसले होते.

"खोत, मुहूर्त गाठायचा असल्यासारखी नटून बसली आहेस," अभ्यंकर मॅडम म्हणाल्या. "गाठ यायची आहे, नवरदेव नव्हे."

"मॅडम, मला सध्या नवरदेवापेक्षा गाठच हवी आहे," मी म्हणाले, आणि ते शंभर टक्के खरं होतं.

मी तेव्हा दक्षिण महाराष्ट्रातल्या एका हॉस्पिटलात पॅथॉलॉजीचं एम.डी. करत होते. अभ्यंकर मॅडम आमच्या विभागाच्या प्रमुख आणि माझ्या गाइड. माझ्या प्रबंधाचा विषय होता पिट्युटरी ग्रंथीच्या गाठींचं वर्गीकरण. होस्टेलवर मला 'पिट्युटरीची पाटलीण' म्हणायचे, आणि मलाही ते आवडायचं. नाकाच्या मुळामागे, मेंदूच्या तळाशी असते ही ग्रंथी. आकार म्हणाल तर वाटाण्याएवढा, पण तोरा काय! थायरॉइडने किती राबायचं, पोराने किती उंच व्हायचं, बाळंतिणीला दूध कधी यायचं, सगळे हुकूम हिच्या दरबारातून सुटतात. तिच्यात गाठ झाली की ती कुठल्या पेशींची हे सांगायचं काम आमचं. जुन्या लोकांनी रंगावरून तीन खाने पाडले होते: गुलाबी रंग घेणाऱ्या पेशी, जांभळा घेणाऱ्या आणि कुठलाच न घेणाऱ्या. मग रंग फसवतो हे कळलं आणि पेशी कुठलं हार्मोन तयार करते त्यावरून नवी नावं आली. आता तर पेशी मुळात कुठल्या कुळातली हे बघतात. मी त्या मधल्या काळातली. हॉस्पिटलच्या कपाटातल्या जुन्या गाठी काढून, बारशाला बसलेल्या आत्याच्या थाटात, एकेकीची नव्याने नावं ठेवत सुटले होते.

आजची गाठ माझ्या कुठल्याच खान्यात बसत नव्हती, म्हणून मला तर सकाळपासून दम निघत नव्हता. पेशंट शालन, वय बावीस, जत तालुक्यातली. लग्न होऊन काही वर्षं झालेली, मूल नाही, पाळी बंद, आणि मूल नसताना छातीतून दूध. त्यात नजरेच्या दोन्ही कडांचं दिसेनासं झालेलं. स्कॅनमध्ये ग्रंथीच्या जागी सुपारीएवढा गोळा, डोळ्यांच्या नसांना खालून रेटणारा. बरं, दुधाची गाठ म्हणावी तर रक्तात दुधाचं हार्मोन जेमतेम वाढलेलं. एवढ्या गोळ्याला ते शोभतच नव्हतं. थायरॉइडचं हार्मोन मात्र जवळजवळ नव्हतंच. त्याचं उत्तर आम्हा सगळ्यांकडे तयार होतं: हुकूम देणारी पिट्युटरीच गाठीखाली चेंगरली, तर थायरॉइड काम कसं करणार? पिट्युटरीचा तो हुकूम रक्तात मोजायची सोय तेव्हा मुंबईला होती. रक्त पाठवलं होतं, उत्तर यायचं होतं. पण पोरीची नजर रोज कमी होत होती, आणि दर गुरुवारी पुण्याहून येणारे न्यूरोसर्जन घोरपडे सर आणखी एक गुरुवार घालवायला तयार नव्हते.

हे सगळं मी कागदावर वाचलेलं. शालनचं तोंड मी पाहिलं नव्हतं. आमच्या विभागाचा तो दंडकच होता. पॅथॉलॉजीवाल्याने वॉर्डात जायचं नाही, नातेवाइकांशी बोलायचं नाही, काचेवर जे आहे तेवढंच सांगायचं. "तोंड बघितलं की दया येते," मॅडम म्हणायच्या, "आणि दया आली की डोळा खोटं बोलायला लागतो."

बाटली आली. तळाशी मिठाच्या पाण्यात भाताच्या शितापेक्षाही लहान तुकडा. वर थिएटरात नाकावाटे वाट काढून घोरपडे सर थांबलेले, इथे तुकडा माझ्या चिमट्यात. अशा वेळी रीत सोपी असते. तुकडा काचेवर हलकेच टेकवायचा, उचलायचा, रंगवायचा. गाठ पिठासारखी भुसभुशीत असते, टेकवली की पेशींचा जाड ठसा उमटतो.

मी टेकवला. ठसा उमटला नाही.

"जरा दाबून बघ," मॅडम म्हणाल्या.

दाबून पाहिला. काचेवर कुठे कुठे चार-चार पेशींचे पुंजके, बाकी कोरडं. घाईघाईने रंगवून मी काच मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि माझा चेहरा पडला. एक पेशी गुलाबी, तिच्या शेजारी जांभळी, तिच्याही शेजारी बिनरंगी. गाठ म्हणजे एकाच पेशीची पिलावळ, सगळ्या एका छापाच्या. इथे तर सगळ्या प्रकारच्या पेशी गुण्यागोविंदाने नांदत होत्या. ही गाठ नव्हती, साधी ग्रंथी होती.

मी थिएटरला फोन लावला. सिस्टरने रिसीव्हर सरांच्या कानाशी धरला.

"सर, नॉर्मल ग्रंथी दिसते आहे."

"मग कडेचा तुकडा आला असेल," ते म्हणाले. "गाठीने नॉर्मल ग्रंथी बाजूला सारलेली असते. थांब, बरोबर मधला देतो."

हे पटण्यासारखं होतं आणि मला हायसं वाटलं. दुसरी बाटली आली. मी तुकडा टेकवला. पुन्हा कोरडा. पुन्हा गुलाबी, जांभळ्या, बिनरंगी, हातात हात घालून. फिकट पेशी जरा जास्त होत्या, फुगलेल्या होत्या, पण बाकीच्यांना त्यांनी हुसकावलेलं नव्हतं. कडेचा तुकडा नॉर्मल असतो, ठीक आहे. गाठीच्या पोटातला तुकडा नॉर्मल कसा?

"मॅडम, तुम्ही बघा."

मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ पाहिलं. "नाव काय देतेस?"

"नाव नाही देता येत. माझ्या सगळ्या खान्यांतल्या आहेत या."

"मग?"

"मग ही गाठच नाही."

मला वाटलं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. "काच तर तेच म्हणते आहे," त्या म्हणाल्या. "फोन तू कर. पाटलीण तू."

घोरपडे सरांचा आवाज फोनमधून बाहेर सांडत होता. "माझ्यासमोर सुपारीएवढा गोळा आहे, आणि तू म्हणतेस गाठ नाही? मग काय डोळ्यांचा भास आहे का माझ्या?"

"गोळा आहे, सर. पण पेशी साध्या आहेत. ग्रंथीच सगळीच्या सगळी फुगली आहे."

"का फुगली?"

मी रिसीव्हर मानेत धरून काच पुन्हा सरकवून पाहिली.

"हे बघ, पोरीचे डोळे चाललेत. 'का' ते सांग, नाहीतर मी काढायला घेतो. भूल फार वेळ लांबवता येणार नाही."

मी फोन ठेवला. गाठ समजून त्यांनी तो गोळा काढला तर शालनची सगळी ग्रंथीच जाणार होती. मूल कायमचं विसरायचं. जन्मभर गोळ्यांवर जगायचं, आणि चार दिवस गोळ्या चुकल्या, त्यात ताप आला, तर जिवावर बेतायचं. आणि मी चुकीचं सांगून खरी गाठ आत ठेवायला लावली, तर पोर आंधळी व्हायची. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

ग्रंथी का फुगते? मी फेऱ्या मारायला लागले. गरोदरपणात फुगते, पण शालन गरोदर नव्हती. दूध येत होतं. थायरॉइड थंड पडलेलं होतं. हुकूम देणारी चेंगरली, म्हणून थायरॉइड थंड. पण चेंगरली कुठे होती? ती तर मी आत्ताच पाहिली, धडधाकट, उलट जास्तच माजलेली!

"मॅडम!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावलं. "आपण उलटं वाचलं! सांगितलेलं ऐकलं नाही की माणूस काय करतो?"

"आवाज चढवतो."

"तेच! आधी थायरॉइड मेलं असेल तर? पिट्युटरी हुकूम सोडते, थायरॉइड ढिम्म. मग ही आणखी ओरडते. वर्षानुवर्षं ओरडते. ओरडणाऱ्या पेशी वाढत जातात आणि ग्रंथी फुगते. त्या गदारोळात दुधाचा हुकूमही सुटतो. सगळं बसतं, मॅडम! थायरॉइडच्या गोळ्या दिल्या की हिचं ओरडणं थांबेल, आणि गोळा आपोआप बसेल!"

मॅडमनी चष्मा खाली घेतला. "बसतं खरं. पण मुंबईच्या उत्तराशिवाय घोरपडे ऐकणार नाहीत. नुसती कल्पना झाली ही."

"कुठलं आधी बिघडलं एवढं कळलं तरी पुरे. थायरॉइडची लक्षणं आधीची असतील आणि डोळ्यांची नंतरची, तर माझं खरं. डोळ्यांची आधीची असतील तर सरांचं."

"ते काचेवर दिसत नाही."

"तिच्या माणसांना विचारते."

"खोत, आपला दंडक..." मॅडम म्हणाल्या, पण तोवर मी अर्धा जिना चढले होते.

थिएटरबाहेरच्या बाकावर लुगडं नेसलेली एक वयस्क बाई पिशवी पोटाशी धरून बसली होती. "शालनचं कोण आहे इथं?" मी धापा टाकत विचारलं.

ती ताडकन उठली. "म्या हाय. सासू तिची. काय झालं, डाक्तरीणबाई? पोरगी बरी हाय न्हवं?"

"बरी आहे. तुम्ही बसा. मला एकच सांगा, शालनला थंडी फार वाजते का?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू डॉक्टरीणबाईंनाच आत न्यायला हवं. "थंडी?"

"हो, थंडी."

"वाजती की. लई वाजती. वैशाखात गोधडी घिऊन झोपती. जतचं ऊन, आन् ही गोधडीत! बाया हसत्यात."

"कधीपासून?"

"लगीन होऊन आली, त्येच्या फुडच्या साली सुरू झालं बगा."

"आवाज बदलला आहे?"

"घोगरा झालाय. भाऊ आलता तिचा, त्यो म्हनला, आत कोन बापय बोलतोय? आन् लई सावकाश झाली वो. येताना वाऱ्यावानी काम करायची. आता भाकरी थापाय बसली की तव्यातली करपती, तरी हिची दुसरी व्हत न्हाई. भावकी म्हनती, आळशी हाय, पोराला दुसरी बगा. म्या म्हनलं, आळस काय असा तोंडावर सुजून येतो व्हय?"

मला तिला मिठी मारावीशी वाटत होती. तोंडावर सूजसुद्धा! "आणि डोळ्यांचं? ते कधीपासून?"

"ते आत्ताचं. ह्या दिवाळीपास्नं. चौकटीला खांदा धडकाय लागला, तवा माझ्या ध्यानात आलं."

"नक्की? थंडी आधी, डोळे मागनं?"

"आवो, थंडीला दोन-तीन वर्सं झाली. डोळं काल-परवाचं. पर डोळ्याच्या आपरेशनाला थंडी कशापायी इचारताय?"

सांगायला वेळ नव्हता. मी थिएटरचं दार ढकललं. आतल्या सिस्टरने मला बाहेरच्या चपलांत बघून किंकाळीच फोडली. "डॉक्टर, तिथंच थांबा! पाऊल आत टाकू नका!"

मी उंबऱ्यावर थांबले आणि तिथूनच ओरडले, "सर! थंडी आधी, डोळे नंतर!"

आतून घोरपडे सरांचा आवाज आला, "हे पॅथॉलॉजीवाल्यांनी थंडीचं कधीपासून सुरू केलं?"

मी एका दमात सगळं सांगितलं. गोधडी, घोगरा आवाज, करपलेली भाकरी, सुजलेलं तोंड, दोन-तीन वर्षं, आणि मग दिवाळी. मधल्या दारातून मला फक्त हिरव्या कपड्यातली त्यांची पाठ दिसत होती. ती हलत नव्हती.

"आणि तू चुकलीस तर?" ते म्हणाले.

"चुकले तर गाठ तिथंच असेल, सर. पुढच्या गुरुवारी काढता येईल. पण आज काढलेली ग्रंथी परत बसवता येणार नाही."

एवढं धीटपणे मी आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते.

"खालचं हाड काढलंय," शेवटी ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "गोळ्याला थोडी जागा झालीच आहे. नसांवरचा ताण जरा उतरेल." मग मोठ्याने, "सिस्टर, बंद करायला घ्या."

मी खाली कशी आले मला आठवत नाही. दुपारी त्याच तुकड्यांवर चांदीचा रंग चढवला. ग्रंथीत पेशींच्या पुंजक्यांना बांधून ठेवणारी एक बारीक जाळी असते, ती त्यात काळी उमटते. गाठीत ती तुटून चिंध्या होते. शालनची जाळी ताणलेली होती, पण एक धागा तुटलेला नव्हता. मी टाळ्या पिटल्या. मॅडमनी काच पाहिली, सही केली आणि मग म्हणाल्या, "दंडक मोडलास. पुन्हा मोडायचा झाला तर मला सांगून मोड, म्हणजे मीही येईन."

शालनला थायरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, आधी अगदी थोड्या, मग वाढवत. पण पहिले काही दिवस नजरेत काडीचा फरक नव्हता. मला जेवण जाईना. पुढच्या गुरुवारी घोरपडे सर माझ्यासमोरून काही न बोलता गेले, तेव्हा तर मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मग मुंबईचं उत्तर आलं. पिट्युटरीचा थायरॉइडला हुकूम इतका वाढलेला होता की तिथल्या यंत्राच्या मोजमापात मावला नव्हता. आणि त्याच आठवड्यात डोळ्यांच्या विभागातून निरोप आला की कडांचं दिसायला लागलंय. सरांनी पुण्याहून खास फोन केला. "खोत," ते म्हणाले, "मी काढायला हात घातला होता, बरं का." एवढंच बोलले आणि फोन ठेवला. माझ्या प्रबंधात मात्र शालन आली नाही. गाठच नव्हती, तर वर्गीकरण कशाचं करणार? तिची काच मी माझ्या टेबलावर ठेवून दिली.

पावसाळा सरताना एका दुपारी लॅबच्या दारात दोघी उभ्या राहिल्या. एकीला मी ओळखलं, पोटाशी पिशवी धरलेली ती सासू. दुसरी हिरव्या साडीतली, तरतरीत, मोठ्या डोळ्यांची. ही कोण मला कळेना. कळणार कसं, मी तिला पाहिलं होतं ते शिताएवढं.

"हीच ती, शालन," सासू तिला म्हणाली, "थंडी इचारली ती डाक्तरीण."

शालन पुढे आली. आवाज खणखणीत होता. "बाई, तुमी माझं आतलं बघितलंय म्हनं."

"हो, बघितलंय."

"मला दावा की."

मी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान हलवली आणि आपली खुर्चीच शालनला दिली. मी काच लावली, दिवा लावला, तिला डोळे कुठे टेकवायचे ते दाखवलं. सुरुवातीला तिला काहीच दिसेना, मग ती एकदम ओरडली.

"दिसलं! गुलाबी हाय. जांभळं बी हाय. केवढं वो हे!"

"तेच तुमचं."

ती बराच वेळ पाहत राहिली. मग डोळा न काढताच, हळू आवाजात म्हणाली, "ह्यातलं वाईट कुठलं?"

"काय?"

"दूध आलं तवा भावकी म्हनली, हिच्या अंगात वाईट हाय. मग डागतर बी म्हनले, डोक्यात गाठ हाय. तर ह्यात वाईट ते कुठलं हाय? मला बघायचंय."

"यात वाईट काही नाही, शालन."

"अजाबात?"

"अजिबात नाही. मी कोपरा न् कोपरा बघितलाय."

तिचे खांदे हलायला लागले. मलाही रडू फुटलं. सवयीने, बल्ब तापू नये म्हणून, मी मायक्रोस्कोपचा दिवा मालवला आणि तोंड फिरवून उभी राहिले.

"आत्या," शालन डोळे पुसत उठली, "तुमी बी बगा. सगळं बगा. वाईट काय बी न्हाई."

सासूने पिशवी खाली ठेवली, पदर कमरेला खोचला आणि दोन्ही हातांनी मायक्रोस्कोप धरून वाकली. दिवा बंद होता. मी लावायला हात पुढे केला, पण तोवर ती त्या मिट्ट अंधारात डोळा घालून, मान डोलवत बोलूही लागली होती.

"व्हय की गं," ती म्हणाली. "सगळं चांगलंच हाय."